मागचा लोड

थोरल्याने गेल्या आठवड्यात फोनवर सांगितलं, की त्याच्या नव्या मोटारसायकलचं सस्पेन्शन इतकं छान आहे की खालचा रस्ता कळतच नाही. मी "वा" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ भिंतीला पाठ टेकून बसले. मला रस्ता कळायचा. रत्नागिरीहून मिरजोळे, आणि मिरजोळ्याच्या पुढे सड्यावरून, त्या कातळाच्या माळावरून, खाली उतरणारा शाळेपर्यंतचा रस्ता मला आजही दगडागणिक सांगता येईल. तो मी माकडहाडाने पाठ केला आहे. तुम्ही दोघं नातवंडं दूर असता, गाड्या चालवता, म्हणून ही हकिगत नीट क्रमाने लिहून ठेवते.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मिरजोळ्याच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते. नोकरी कच्ची होती. दोन वर्षं खंड न पडता पूर्ण झाली की कायम करू, असं संस्थेने सांगितलं होतं. खंड पडला तर जागा पुन्हा जाहिरातीत जाणार. पुन्हा जाहिरात म्हणजे पुन्हा मुलाखत, आणि तोवर पंचक्रोशीतल्या कुणाची तरी मुलगी बी. एड. होऊन तयार असणार. माझं इंग्रजी चांगलं होतं, पण माझ्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं.

पहिलं वर्ष मी एस.टी.ने काढलं. दुसऱ्या वर्षी गाडीच्या वेळा बदलल्या. एक सकाळी सहाला निघायची, दुसरी शाळा भरून तास झाल्यावर गावात पोचायची. तुमचे आजोबा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात होते. त्यांनी एका सहकाऱ्याची वापरलेली मोटारसायकल घेतली. सकाळी मला शाळेत सोडून ते उलटे मिरजोळ्याला यायचे, संध्याकाळी मला न्यायला पुन्हा यायचे. त्यांचं ऑफिस शाळेच्या आधी उघडायचं, म्हणून मी रोज कुलूपबंद शाळेच्या पायरीवर बसून तासभर वह्या तपासत असे. मिरजोळ्याच्या पुढचा खराब रस्ता मी दिवसातून दोनदा तुडवायची, ते चार वेळा. कुरकुर करण्याचा हक्क त्यांचा जास्त होता, आणि ते करत नसत.

मी कशी बसायची तेही सांगते, कारण तुम्हाला ते डोळ्यांसमोर येणार नाही. सहावारी साडी, दोन्ही पाय डाव्या बाजूला, मांडीवर वह्यांची पिशवी. एक हात सीटच्या दांडीला, दुसरा आजोबांच्या खांद्यावर. गावाची विहीर आली की खांद्यावरचा हात काढून घ्यायचा, कारण पुढे मुलं दिसतात. असं आडवं बसलं की कंबर सगळा वेळ पिळलेली राहते. दोन्हीकडे पाय टाकून बसणारा माणूस खड्डा आला की पायांवर भार घेतो, सीटवरून बोटभर उठतो. आडवी बसलेल्या बाईला उठता येत नाही. जे येईल ते तिच्या कण्यातून वर जातं.

गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप जुने होते. शॉकअप हा गॅरेजातला शब्द. चाक आणि सीट यांच्या मधल्या, स्प्रिंग गुंडाळलेल्या त्या दोन नळ्या. त्यांतलं तेल गळून गेलं होतं. खड्डा आला की गाडी खाली बसायची, वर यायची, पुन्हा बसायची, खाडीतल्या होडीसारखी. मोठ्या खड्ड्यात तळाला टेकून ठक्क आवाज यायचा. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा आजोबांनी नवे शॉकअप घालायचं ठरवलं.

नाक्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री कसबी माणूस होता, पण गिऱ्हाइकाच्या बायकोकडे बघून बोलत नसे. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असले तरी "वहिनींना सांगा, पदर चाकापासून संभाळा," असं तो आजोबांना सांगे. मी ऐकलेलं असे, तरी आजोबा मला पुन्हा सांगत, आणि मी मान हलवी. त्यात उद्धटपणा नव्हता. ती त्याची अदब होती.

नव्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली पायऱ्या पाडलेलं एक कडं होतं. आकड्यासारख्या पान्याने ते फिरवलं की स्प्रिंग कडक होते, उलट फिरवलं की नरम. अशा पाच खाचा. गाडीवर वजन किती, त्यावरून खाच ठरवायची. हे सगळं समजावून सांगून मिस्त्रीने आजोबांना विचारलं,

"मागे लोड किती असतो, साहेब?"

लोड म्हणजे मी. बाईचं वजन कुणी परक्याने विचारायचं नसतं, म्हणून त्याने हा शब्द घेतला होता.

"असेल साठ," आजोबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते स्प्रिंगकडे पाहत होते. पलीकडच्या बाकावर त्यांच्याच कारखान्यातले दोघे चहा पीत बसले होते.

"पिशवी धरून?"

"पिशवी वेगळी. सगळं मिळून सत्तर धरा."

मिस्त्रीने दोन्ही बाजूंची कडी शेवटच्या खाचेपर्यंत फिरवली.

हे साठ कुठून आलं ते मला कळलं होतं. आदल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी आमच्या दारात उभं राहून तुमच्या पणजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना विचारलं होतं, "सून वाळत चाललीय हो तुमची. नोकरी करते म्हणून जेवायला घालत नाही की काय?" हसतच विचारलं होतं, आणि सासूबाईही हसल्या होत्या. पण त्या दिवसापासून माझ्या पानात भात न विचारता दुसऱ्यांदा पडू लागला, आणि मी टाकला तर त्यांचा चेहरा उतरू लागला. बाकावरच्या त्या दोघांसमोर आजोबा बायकोचं खरं वजन सांगते, तर ते चहा संपायच्या आत आमच्या गल्लीत पोचलं असतं. मीही गप्प बसले. चारचौघांत नवऱ्याचं बोलणं खोडू नये हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण येत होतं. शिवाय वाटलं, वजनाच्या एका आकड्याने असं काय होणार.

झालं ते दुसऱ्या दिवशीच कळलं. कडक स्प्रिंग दाबायला तेवढं वजन लागतं. ते नसेल तर ती स्प्रिंग कसली, लोखंडाचा दांडाच. आधी गाडी खड्ड्यात बुडत होती, आता ती कशातच बुडेना. त्या रस्त्याने चिऱ्याचे ट्रक जात; त्यांतून पडलेल्या जांभ्या दगडाचे तुकडे चाकाखाली आले की मी सीटवरून चार बोटं वर उडायची आणि पुन्हा आदळायची. आदळणं उडण्यापेक्षा वाईट होतं. साधी खडीसुद्धा दातांपर्यंत जायची. आजोबा पुढे बसत, त्यांचे पाय दोन्हीकडे, हातात हँडल. त्यांना एवढं जाणवत नव्हतं. "आता गाडी कशी घट्ट झाली," असं ते पहिले काही दिवस म्हणत. मी "हो" म्हणायची.

डिसेंबरपासून मी फळ्यावर लिहिताना डावा हात कमरेवर ठेवू लागले. मुलींच्या ते लक्षात आलं. मी वर्गात शिरले की त्या आपापसांत तसा हात ठेवून उभ्या राहायच्या. मी त्यांना रागावले नाही. रागवायलाही कंबर ताठ करावी लागते. खडू पडला तर वाकायचं टाळून मी दुसरा घ्यायची. घरी आल्यावर पोळ्या लाटायला पाटाऐवजी ओट्याशी उभी राहू लागले. सासूबाई तेल गरम करून कमरेला चोळायच्या. त्यांचे हात चांगले होते, पण चोळता चोळता त्यांचं बोलणंही चाले, की एवढ्या लांब रोज आदळत जायचं म्हणजे बाईमाणसाच्या अंगाचं मातेरं, आणि पोरगा (तुमचे बाबा तेव्हा चार वर्षांचे) दिवसभर आई आई करतो. त्या खोटं बोलत नव्हत्या. मी उशीत तोंड घालून ऐकायची. उत्तर द्यायचंही जिवावर येई.

जानेवारीत एक दिवस गाडीवरून उतरले आणि सरळच होता येईना. आजोबांनी मला धरून पायरीवर बसवलं. विहिरीवरच्या बायका बघत होत्या, आणि त्या दिवशी दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वजनकाट्यावर उभं केलं. बेचाळीस. त्यांनी आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी खिडकीबाहेर पाहिलं. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पण सहा आठवडे मोटारसायकल बंद आणि पडून राहायचं. नाहीतर हे दुखणं जन्माचं होईल.

मुख्याध्यापक भला माणूस. मी रजेचं विचारलं तेव्हा त्यांनी कपाटातून नियमांची वही काढून माझ्यासमोर ठेवली, आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. कच्च्या नोकरीला सहा आठवड्यांची रजा नव्हती. तेवढे दिवस गेले की खंड. एप्रिलअखेर माझी दोन वर्षं पुरी होणार होती, अजून तीन महिने होते. त्यांना एवढंच म्हणता आलं, की बाई, कसंही करून एप्रिल गाठा.

घरी आजोबा म्हणाले, "सोडून दे. तुझी पाठ गेली तर मी काय करू?" ते प्रेमानेच म्हणाले. मी राजीनामा लिहिला. मी कुठलाही कागद दोनदा लिहिते, आधी कच्चा, मग पक्का. पक्का लिहून घडी घालून पिशवीत ठेवला, आणि दोन दिवस तो द्यायचा राहिला. गाडीवर बसून जायची, उतरायची, शिकवायची, परत यायची. द्यायलासुद्धा उत्साह लागतो.

त्या दोन दिवसांतच कधीतरी मी गाडीबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक वाचायला घेतलं. आजोबांनी ते कधी उघडलं नव्हतं, आणि मी गाडी चालवत नाही म्हणून मीही नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत वाचत होते. प्रकरणाचं नाव ठळक अक्षरांत होतं, मागचं सस्पेन्शन. आमच्या कारकुनाने मागून जाताना तेवढा एकच इंग्रजी शब्द वाचला, कारण त्याच्या कागदांत तो शब्द एकाच अर्थाने यायचा. पुढचा तास संपायच्या आत चित्रकलेचे सर मला बाजूला घेऊन हळूच विचारत होते, "बाई, निलंबन कशाबद्दल?"

"मागच्या चाकाबद्दल," मी म्हटलं.

त्या प्रकरणात एक तक्ता होता. किती वजनाला कुठली खाच. मी आजोबांचं, माझं आणि पिशवीचं वजन मांडलं. उत्तर आलं दुसरी खाच. आम्ही पाचवीवर होतो. पाचवी होती जड माणूस मागे बसवून वर सामान लादणाऱ्यांसाठी.

मी ते पान आजोबांसमोर धरलं, तेव्हा ते चपला घालत होते.

"अहो, तुम्ही मिस्त्रीला साठ सांगितलंत," मी म्हणाले.

"मग काय, बेचाळीस सांगू? लोक म्हणतील, घरात उपाशी ठेवतात."

"लोक गाडीवर बसत नाहीत. मी बसते."

त्यांनी दुसरी चप्पल पायात सरकवली. त्याच संध्याकाळी एकटे गॅरेजवर गेले आणि आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. त्यांनी मिस्त्रीला म्हटलं होतं, जरा नरम करून द्या. मिस्त्रीने साफ नाही म्हटलं. सत्तरच्या लोडला नरम केलं तर गाडी तळाला आपटेल, नवे शॉकअप माझ्या हाताने फोडू काय, असं त्याचं म्हणणं. त्याचं बरोबर होतं. त्याला जो आकडा दिला होता त्याच्याशी तो प्रामाणिक होता.

"मग खरा आकडा का नाही सांगितलात?" मी विचारलं.

"बाकावर माणसं होती," आजोबा म्हणाले. आणि जरा वेळाने, "आईला काय वाटेल?"

मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं, पण तेवढं बळ नव्हतं. राजीनामा पिशवीत होता, तक्त्याचं पान समोर होतं, आणि दोघांच्या मधे अठरा किलो होते.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. परत येताना नाक्यावर मी आजोबांच्या खांद्यावर दोनदा बोट मारलं. त्यांनी गाडी थांबवली. मिस्त्री कुठल्याशा स्कूटरचं इंजिन उघडून बसला होता. बाकावर आज तिघे होते. मी सावकाश उतरले, पिशवी सीटवर ठेवली आणि म्हणाले,

"मिस्त्री, माझं वजन बेचाळीस किलो आहे. डॉक्टरांच्या काट्यावर केलंय. पिशवी चार किलो."

मिस्त्रीने मान वर केली आणि सवयीप्रमाणे आजोबांकडे पाहिलं. "साहेब, वहिनी काय म्हणतात?"

आजोबांनी गाडी स्टँडला लावली, जरा जास्तच वेळ घेऊन. मला वाटलं, आता हे म्हणतील की डॉक्टरांचा काटा बिघडलाय. तसं म्हटलं असतं तर मी परत गाडीवर बसले असते आणि सोमवारी तो कागद दिला असता. हे आमच्या दोघांनाही ठाऊक होतं.

"बरोबर म्हणते," आजोबा म्हणाले. "मी वाढवून सांगितलं होतं."

मिस्त्रीने चिंधीला हात पुसले. "म्हंजे इतके दिवस अठरा किलोचं कोण बसत होतं मागे?"

बाकावरचे तिघे हसले.

"आमच्या घरची अब्रू," आजोबा म्हणाले, आणि तेही हसले. त्यांचे कान लाल झाले होते.

मिस्त्रीने आकड्याचा पाना आणला, एका बाजूचं कडं दुसऱ्या खाचेवर आणलं, मग दुसऱ्या बाजूचं. दोन्हीकडे सारखं झालंय ना ते बोट फिरवून बघितलं. "आता बसून बघायला सांगा," तो नंबरप्लेटकडे बघून म्हणाला. मग थांबला, आणि माझ्याकडे न बघताच, पण मला म्हणाला, "बसा, बाई."

मी बसले. सीट माझ्या खाली बोटभर दबली. अडीच महिन्यांत ती पहिल्यांदाच दबली होती.

फार मोठी जादू झाली असं लिहिणार नाही. मोठे खड्डे होते तिथेच राहिले, आणि त्यांत आजोबा गाडी हळू करायचे तेवढाच इलाज. पण खडी आता नुसती गुरगुरायची. चिऱ्याचा तुकडा आला तर धक्का जरा उशिरा आणि गोल होऊन यायचा, टोक मोडल्यासारखा. सीटवरून उडणं थांबलं, म्हणून आदळणंही थांबलं. पहिल्या सोमवारी शाळेपाशी उतरले तेव्हा पायरीपर्यंत कुणाचा हात लागला नाही. राजीनामा मी चुलीत घातला. ती आजोबांनी पेटवली होती, पाणी तापवायला.

बेचाळीसचा आकडा मात्र दोन दिवसांत गल्लीत पोचला. शेजारच्या काकू पुन्हा दारात. सासूबाई माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी भात वाढता वाढता म्हणाल्या, "तू स्वतः जाऊन सांगितलंस. त्याला तरी सांगू द्यायचं."

"त्यांनीही सांगितलं," मी म्हणाले.

"हो. ते मी ऐकलं," त्या म्हणाल्या आणि भाताची परात घेऊन आत गेल्या. त्यांना ते अखेरपर्यंत लागलेलं होतं. मला वाईट वाटलं, पण पुन्हा वेळ आली असती तर मी तेच सांगितलं असतं.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती मी घेतली नाहीच. कमरेला पट्टा बांधून जात राहिले. दुखणं थांबलं नाही, ते फक्त माझ्याइतकंच दमून सावकाश चालू लागलं. डॉक्टर म्हणाले तसं ते जन्माचं झालं, निम्मंशिम्मं. उन्हं चढली, सड्यावरचं गवत पिवळं होऊन गेलं, लाल धूळ साडीच्या निऱ्यांत बसायची ती धुऊनही जायची नाही. आजोबा वाळत चालले होते. त्यांचं वजन कुणी विचारलं नाही. वळणावर ते न चुकता मागे म्हणायचे, "आहेस ना?" आणि मी म्हणायची, "आहे."

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी निकालपत्रकं संपवून मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. त्यांनी हजेरीपट माझ्याकडे फिरवला. दोन वर्षांत एकही रकाना रिकामा नव्हता. मी त्या दिवसाची सही केली. त्यांनी ती निरखून पाहिली, शाई वाळेपर्यंत थांबले, आणि म्हणाले की आता कागद वर पाठवतो, काळजी करू नका. मग पुढची खुर्ची ओढून म्हणाले, "बसा बाई, चहा मागवतो."

मी म्हटलं, "चहा घेते सर. पण उभीच बरी."